भूकंपग्रस्त शाळेशी नातं जोडायचं तर तिसऱ्या वर्षाचा विचार करा

२५ एप्रिल २०१५ हा शनिवार होता. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा शाळा रिकाम्या होत्या. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का आला. सुमारे नऊ हजार माणसं गेली. आपत्तीनंतरच्या सरकारी पाहणीत ८,२४२ सामुदायिक, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांना झळ पोचल्याची नोंद झाली. २५,१३४ वर्गखोल्या पूर्ण कोसळल्या, आणखी २२,०९७ खोल्यांचं अंशतः नुकसान झालं. या खोल्यांमध्ये आदल्याच दिवशी मुलं बसली होती आणि रविवारी पुन्हा बसणार होती.

अशी बातमी आली की दूरच्या शाळांनाही काहीतरी करावंसं वाटतं, आणि वाटायलाच हवं. मुलं खाऊचे पैसे आणतात, शिक्षक ओळखीपाळखीतून तिकडच्या एखाद्या शाळेचा नंबर मिळवतात, फलक लिहिला जातो, फोटो निघतो. मग परीक्षा येतात, त्या शिक्षकांची बदली होते, आणि तिकडच्या शाळेने पाठवलेल्या शेवटच्या पत्राला उत्तर जात नाही. भावना खोटी नसते, पण कामाची आखणीच चुकलेली असते. आमचं म्हणणं असं आहे की दोन देशांतल्या शाळांची जोडी जुळवणं हे मदतकार्य नव्हे. मदतकार्य पहिल्या आठवड्यांत लागतं आणि ते करणारे लोक वेगळे असतात. शाळेला दुसऱ्या शाळेची गरज भासते ती बाकीचे सगळे निघून गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. ही जोडी टिकते ती दोघींसमोर एकच काम असेल तर. मराठवाड्यातल्या आणि नेपाळच्या गोरखा व सिंधुपाल्चोक जिल्ह्यांतल्या शाळांसमोर असं एक काम खरोखरच आहे: भिंतीखाली मूल सापडता कामा नये.

पहिल्या वर्षी काय परिस्थिती असते ते आधी पाहू. नेपाळमध्ये भूकंपग्रस्त जिल्ह्यांतल्या शाळा ३१ मे २०१५ रोजी पुन्हा सुरू झाल्या. सुरू झाल्या म्हणजे बांबूचा सांगाडा, वर पत्रा किंवा ताडपत्री, बाजूंना तट्ट्या अशा तात्पुरत्या वर्गांत मुलं बसू लागली. पावसाळा तोंडावर होता. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शिक्षकाचा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. ज्या शिक्षकाने शिकवायचं त्याचंही घर पडलेलं, तोही ताडपत्रीखाली झोपत होता. मुख्याध्यापकांना नुकसानीचे तक्ते भरायचे होते, येणाऱ्या प्रत्येक संस्थेला शाळा दाखवायची होती, पुस्तकं मिळवायची होती. अशा माणसाला परदेशातल्या शाळेने ‘तुमच्या मुलांची पत्रं आणि फोटो पाठवा’ असं सांगणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणं. म्हणून पहिल्या वर्षी आपल्या बाजूने करायचं ते एवढंच: जमलेले पैसे तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेकडे किंवा सरकारी मदतनिधीकडे द्यावेत, आणि त्या शाळेकडे काहीही मागू नये.

भारतीय शाळांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. भूकंपानंतर भारताने फार वेगाने मदत पोचवली, हे खरं आहे. पण मे २०१५ च्या सुरुवातीलाच आपल्या काही वृत्तवाहिन्यांच्या वार्तांकनावर नेपाळी लोक इतके संतापले की ‘भारतीय माध्यमांनो, परत जा’ ही मोहीम समाजमाध्यमांवर उसळली. ढिगाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला ‘कसं वाटतंय’ विचारणं तिथे कुणाला सहन होत नव्हतं. पुढे सप्टेंबर २०१५ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०१६ पर्यंत सीमेवरची वाहतूक अडकली. भारताने नाकेबंदी लादल्याचा इन्कार केला आणि नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट भागातल्या मधेशी समाजाच्या आंदोलनाकडे बोट दाखवलं, पण इंधन, स्वयंपाकाचा गॅस आणि औषधं तुटली आणि भूकंपग्रस्तांचा पहिला हिवाळा पत्र्याखाली गेला. तिकडच्या शिक्षकांच्या मनात हे सगळं असतं. आपण त्याची सफाई द्यायला जाऊ नये आणि राजकारण शिकवायलाही जाऊ नये. ‘मोठ्या भावाने धाकट्याला मदत केली’ अशी भाषा मात्र पहिल्या पत्रापासून टाळावी. बरीच नाती तिथेच बिघडतात.

मग आपल्याकडे देण्याघेण्यासारखं आहे तरी काय? भरपूर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं त्याचं कारण आणि बारपाकला जे झालं त्याचं कारण बऱ्याच अंशी सारखं आहे. लातूर-धाराशिवकडची जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट, कधी त्याहून जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. गोरख्याच्या डोंगरात माळवदाऐवजी दगडी कौलं किंवा पत्रा असतो, पण भिंत तीच. या भिंतीला खरं तर दोन पदर असतात, आतला आणि बाहेरचा, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड आणि चिखल भरलेला असतो. हादरा बसला की मधला भराव खाली बसतो, दोन्ही पदर फुगतात, बाहेरचा बाहेर आणि आतला आत पडतो, आणि छप्पर खाली येतं. जाडी इथे कामाला येत नाही, उलट वजन वाढवते.

उपाय अनेक वर्षांपासून माहीत आहे आणि भारतीय मानकांमध्ये लिहिलेला आहे. भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरच्या वर नेऊ नये. उंचीच्या दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात जास्तीत जास्त १.२ मीटरवर, भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड बसवावा, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून ठेवतात. एवढा लांब दगड मिळाला नाही तर त्या जागी सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा किंवा टिकाऊ लाकडाचा तुकडाही चालतो. दारंखिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा हवा. हा पट्टा एका कोपऱ्यात जरी तुटक राहिला तरी त्याचा उपयोग जवळजवळ संपतो, आणि बांधकामात चूक होते ती नेमकी तिथेच: कोपऱ्यात सळया वळवून एकमेकींत गुंतवायच्या ऐवजी नुसत्या टेकवल्या जातात. पत्र्याचं उतरतं छप्पर असलेल्या शाळेत दोन्ही टोकांच्या भिंतींचा वरचा त्रिकोण दगडात बांधलेला असतो. हा त्रिकोण भूकंपात आधी पडतो, आणि कधी त्याच्या खालीच दार असतं. तो काढून तिथे पत्रा किंवा फळ्या लावणं हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम आहे.

या बाबतीत नेपाळ आपल्या पुढे आहे, हे मोकळेपणाने मान्य करावं. काठमांडू खोऱ्यातल्या राष्ट्रीय भूकंप-तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘एनसेट’ने, १९९० च्या दशकातच शाळांच्या भिंती मजबूत करायला आणि गावातल्या गवंड्यांना शिकवायला सुरुवात केली होती. २०१५ मध्ये या पद्धतीने आधी मजबूत केलेल्या शाळा मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या काही आसऱ्यासाठी वापरल्या गेल्या. इकडे किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसली, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाठ्यपुस्तकात राहिला, आणि भिंती तपासण्याची सवय मात्र शाळांना लागली नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. नांदेड, परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. हिंगोलीतल्या एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेला गोरख्याच्या शाळेकडून शिकण्यासारखं खूप आहे, आणि ही गोष्ट जोडीच्या पहिल्या पत्रात लिहिलेली असावी.

त्यांच्याकडून शिकायचा एक धडा फार मोठी किंमत देऊन मिळालेला आहे. भूकंपाआधी तिथल्या कित्येक शाळांत ‘खाली बसा, टेबलाखाली जा, धरून राहा’ हा सराव होत असे. तो नेहमी वर्गातच केला जायचा. २०१५ मध्ये धक्का बसला तेव्हा अंगणात, शेतात खेळणारी काही मुलं टेबल किंवा पलंग शोधत दगडमातीच्या घरात धावली आणि तिथे दगावली, असं नंतरच्या अभ्यासात आढळलं. त्या मुलांनी शिकवलेलं नीट लक्षात ठेवलं होतं. शिकवणंच अपुरं होतं. आपल्या शाळांमध्ये आजही मॉक ड्रिल म्हणजे वर्गातून घंटा वाजवून रांगेने मैदानात येणं एवढंच असतं.

म्हणून दोन शाळांनी मिळून करायचं पहिलं काम म्हणजे सराव चार ठिकाणी करणं: वर्गात, मैदानात, पोषण आहाराच्या रांगेत आणि घरी जायच्या वाटेवर. बाहेर असलेल्याने बाहेरच राहायचं, भिंत, विजेचा खांब आणि पाण्याच्या टाकीपासून लांब खाली बसायचं. दगडमातीच्या बैठ्या खोलीत दार दोन-चार पावलांवर आणि समोर मोकळी जागा असेल तर काय करायचं, मजबूत केलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर काय करायचं, याची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती प्रत्येक शाळेने आपली इमारत पाहून, अभियंत्याला विचारून ठरवायची. एकच चित्र सगळ्या वर्गांत चिकटवून हे काम होत नाही.

दोन्ही शाळांनी नोंद एकाच नमुन्यात ठेवावी: हजर मुलं किती, शेवटचं मूल मोकळ्या जागेत पोचायला किती सेकंद लागले, मोजणी पूर्ण व्हायला किती वेळ गेला, हजेरीपट कोणाच्या हातात होता, काय अडलं. अडतं ते सहसा एकाच जागी. नव्वद सेंटिमीटरच्या दारातून चाळीस मुलं एकदम बाहेर येऊ पाहतात, आणि दार आतल्या बाजूला उघडत असेल तर पुढच्या मुलाला मागच्यांचा रेटा बसून ते उघडताच येत नाही. दाराच्या बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असं करणं हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे. लोखंडी कपाटं भिंतीला पट्टीने आवळणं, कपाटावरचे गठ्ठे उतरवणं, स्वयंपाकघरातलं सिलिंडर साखळीने बांधणं हे त्याच आठवड्यात उरकता येतं.

दुसरं काम भिंतींच्या मोजमापाचं. लागणारं सामान थोडं आहे: एक ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन), पाच मीटरचा मेजटेप, खडू, थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि शंभर पानी वही. भिंतीवर खुणा करून ओळंबा सोडायचा, भिंतीपासूनचं अंतर वर आणि खाली मोजायचं, आणि दर तीन महिन्यांनी त्याच खुणेवर पुन्हा मोजायचं. फरक वाढत असेल तर भिंत कलते आहे किंवा फुगते आहे. तड्यावर प्लास्टरचा बोटभर रुंद, पातळ आडवा पट्टा लावून त्यावर तारीख लिहायची. पट्टा तुटला तर तडा वाढतो आहे. इथे एक चूक हमखास होते: पट्टा रंगावरच लावला जातो, तो भिंतीपासून सुटतो, आणि तडा वाढला तरी अखंड राहतो. पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. आधी रंग आणि सुटं प्लास्टर खरवडून, भिंत ओली करून मगच पट्टा लावायचा. धोकादायक वाटणाऱ्या भिंतीजवळ हे काम मोठ्यांनीच करावं. मुलांनी आकडे लिहावेत, आलेख काढावेत. सातवी-आठवीच्या गणिताला याहून चांगला विषय मिळणार नाही. आणि पडताळणी दुसऱ्या देशातल्या वर्गाकडून होत असेल तर आकडे नीट लिहिले जातात.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ज्या शाळेला छप्पर नाही तिला ओळंब्याचं काय, आधी पैसे द्या. छप्पर हवंच, याबद्दल वाद नाही. पण शाळाशाळांतल्या वर्गणीने छप्पर होत नाही. भूकंपानंतर नेपाळच्या शिक्षण क्षेत्राच्या पुनर्बांधणीसाठी भारत सरकारने पाच कोटी डॉलरचं अनुदान दिलं, त्यातून ७१ शैक्षणिक प्रकल्प घेतले गेले आणि रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेची तांत्रिक मदत होती. एवढी यंत्रणा असूनही ते काम कित्येक वर्षं चाललं. जमिनीची तपासणी, मान्य आराखडा, कामावर येणारा अभियंता यांच्याशिवाय दानशूरांच्या घाईने उभी राहिलेली खोली ही पुढच्या भूकंपासाठी तयार केलेला धोका असू शकते. अर्धवट पैशातून अर्धवट खोली झाली तर ती पूर्ण करण्याचं ओझं गावावर पडतं, आणि देणाऱ्यांचा फलक आधीच लागलेला असतो.

कायद्याची बाजूही आहे. भारतातल्या धर्मादाय न्यासाने देशाबाहेर खर्च केला तर त्या रकमेवर आयकराची सूट सहसा मिळत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी काढावी लागते. नेपाळमध्ये परदेशी संस्थांच्या कामाला समाज कल्याण परिषदेची मंजुरी लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेकडे तर परदेशी खर्चाचा रस्ताच नाही. त्यामुळे जोडीच्या करारात एक वाक्य स्पष्ट असावं: या नात्यात पैशांची देवाणघेवाण नाही. प्रत्येक शाळा आपला कागद, आपला टपालखर्च, आपला डेटा स्वतः भरेल. हे वाक्य कोरडं वाटतं, पण त्याने फार मोठा गुंता टळतो. पैसा आला की तिकडचे मुख्याध्यापक आभार मानण्यात अडकतात, खरी अडचण सांगत नाहीत, आणि गावात ‘किती आले, कुठे गेले’ सुरू होतं.

शाळा निवडायची कशी? पक्क्या रस्त्यालगतच्या, जिल्ह्याच्या ठिकाणाजवळच्या शाळेला जोडीदार मिळतातच, दोन तास चढून जावं लागणाऱ्या गावात कुणी पोचत नाही. २०१७ च्या स्थानिक निवडणुकांनंतर नेपाळमध्ये शाळांचा कारभार ७५३ स्थानिक पालिकांकडे गेला आहे. म्हणून थेट मुख्याध्यापकांना गाठण्याऐवजी त्या गाउँपालिकेच्या, म्हणजे ग्रामीण पालिकेच्या, शिक्षण शाखेला लिहावं, आणि कुठल्या शाळेला परदेशी जोडीदार नाही हे विचारावं. पटसंख्या साधारण सारखी असलेली शाळा घ्यावी. साठ मुलांच्या शाळेची जोडी आठशेंच्या शाळेशी जुळवली की पहिल्याच फेरीत पत्रांचा हिशोब कोलमडतो.

कधी ओळख आपल्या दारातच असते. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री जाजरकोट आणि पश्चिम रुकुम जिल्ह्यांत भूकंप होऊन दीडशेहून जास्त माणसं गेली. नेपाळच्या त्या पश्चिम भागातली कुटुंबं कामासाठी मोठ्या संख्येने भारतात येतात. मुंबई-पुण्यात सोसायट्यांची राखण करणाऱ्या, हॉटेलांत राबणाऱ्या अनेकांचं गाव तिकडे असतं आणि मुलं इथल्या महापालिका शाळांत शिकतात. अशा शाळेने जोडी जुळवायची तर पालकांना विचारावं, कुठल्या वाडीत कुठली शाळा आहे ते त्यांना नेमकं माहीत असतं. त्यांच्या मुलांना मात्र वर्गासमोर उभं करून ‘तुझ्या गावातला भूकंप सांग’ म्हणू नये.

करार दोन पानांपेक्षा मोठा नको आणि तो माणसांमध्ये नको, समित्यांमध्ये हवा. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समिती आहे, त्यांच्याकडे विद्यालय व्यवस्थापन समिती. दोन्हीकडच्या इतिवृत्तात ठराव हवा. प्रत्येक बाजूने दोन शिक्षक नेमावेत, त्यांतला एक तरी नुकताच त्या शाळेत आलेला असावा, म्हणजे दोघांची बदली एकदम होणार नाही. बदलीने जितकी नाती तुटतात तितकी दुसऱ्या कशाने तुटत नाहीत. बदली झालेल्या शिक्षकाने जाताना वही, फोन नंबर आणि पुढच्या पत्राची तारीख सही घेऊन सोपवायची, हेही ठरावात लिहावं.

दिनदर्शिका जुळवणं हे दिसतं तितकं सोपं नाही. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं, आपलं जूनच्या मध्यावर. त्यांची दशैं आणि तिहारची सुट्टी आपल्या नवरात्र-दिवाळीच्या आसपास येते. त्यांची सुट्टी शनिवारी, आपली रविवारी, आणि शुक्रवारी त्यांच्याकडे शाळा लवकर सुटते. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. हे सगळं मांडलं की वर्षाला तीनच खिडक्या उरतात: जुलै-ऑगस्ट, दिवाळीनंतरचा नोव्हेंबर-डिसेंबर, आणि जानेवारी-फेब्रुवारी. तीन पुरेशा आहेत. दर महिन्याला पत्र असं ठरवलं की तिसऱ्या महिन्यात बंद पडतं.

सामाईक सरावाचा दिवस आयता मिळतो. नेपाळ आपल्या पंचांगातला माघ २ हा दिवस भूकंप सुरक्षा दिवस म्हणून पाळतो. १५ जानेवारी १९३४ च्या, बिहार आणि नेपाळ दोघांनाही उद्ध्वस्त करणाऱ्या भूकंपाची ती तारीख. आपली मकर संक्रांत झाली की लगेच, १५ किंवा १६ जानेवारीला हा दिवस येतो, दोन्हीकडे शाळा सहसा सुरू असतात. किल्लारीचा ३० सप्टेंबर आपण आपल्या शाळेत पाळावाच, पण तो काही वर्षी त्यांच्या दशैंत सापडतो. आणि २५ एप्रिलला काय करायचं हे त्यांच्यावर सोडावं. त्या दिवशी आपल्याकडून व्हिडिओ कॉलचा आग्रह होऊ नये.

पत्रं मुलाने मुलाला लिहायची नाहीत, वर्गाने वर्गाला लिहायची. एकास एक जोड्या लावल्या की कुणीतरी शाळा सोडतं, कुणी आजारी पडतं, आणि एका मुलाला उत्तर येत नाही. ते मूल ती गोष्ट विसरत नाही. पाच-पाच मुलांचे गट करावेत, प्रत्येक गटाचं एक पान. पहिल्या पत्राचे विषय साधे असावेत: शाळेची वाट, सध्या शेतात काय आहे, एखाद्या खेळाचे नियम, वर्गाची लांबी-रुंदी. भूकंपाबद्दल विचारायचं नाही. ज्याला लिहावंसं वाटेल तो आपणहून लिहील. आघातातून गेलेल्या मुलाकडून ती हकिगत वदवून घेणं त्याच्यासाठी अपायकारक ठरू शकतं. लिपी दोघांची देवनागरी असल्यामुळे मुलं एकमेकांचं अक्षर वाचू शकतात, अर्थ मात्र शिक्षकांनी चार ओळींत सांगावा. गोरख्यात कित्येक मुलांची घरची भाषा गुरुङ असते, सिंधुपाल्चोकमध्ये तामाङ, म्हणजे नेपाळीही त्यांनी शाळेतच शिकलेली असते. म्हणून चुका मोजू नयेत आणि हिंदी येतच असेल असं धरून चालू नये. पानं मोबाइलवर काढून पाठवावीत. डोंगरातलं टपाल पावसाळ्यात कधी पोचेल याचा भरवसा नसतो.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत ढिलाई चालणार नाही. २०१५ मध्ये नेपाळ सरकारने पालक किंवा अधिकृत जबाबदार व्यक्तीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली, कारण शिक्षणाच्या नावाखाली मुलं पळवली जाण्याचा धोका खरा होता. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं पुण्याला आणून शिकवली, हे मोठं काम होतं, पण ते एकाच राज्यात, एकाच भाषेत होतं. सीमेपलीकडच्या मुलांबद्दल ‘आपण दहा मुलं दत्तक घेऊ’ हा विचार कितीही चांगल्या मनाने आला तरी सोडून द्यावा. फोटोत मुलाचं पूर्ण नाव आणि गाव एकत्र देऊ नये. मोडक्या घरासमोर उभं करून फोटो मागू नये. समाजमाध्यमांवर काहीही टाकायचं तर दोन्ही समित्यांची संमती हवी.

भेटीगाठी दुसऱ्या वर्षी, त्याही शिक्षकांच्या. आधी त्यांना इकडे येऊ द्यावं. ते किल्लारी पाहतील, आपल्या शाळेच्या भिंती पाहतील, चार गोष्टी सुनावतील, आणि त्या ऐकल्यावर आपली माणसं तिकडे गेली तर पाहुणे म्हणून कमी आणि सहकारी म्हणून जास्त जातील. मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, मग भैरहवा, नारायणगढ, मुग्लिङ करत गोरखा असा रस्ता आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण १५ ते ६५ वयाच्या प्रवाशाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावं. या वयोगटासाठी आधार कार्ड प्रवासाचा पुरावा म्हणून चालत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये मुग्लिङच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा जाऊ नये.

कराराची मुदत तीन वर्षं ठेवावी आणि शेवटची तारीख पहिल्या दिवशीच लिहावी. मुदत संपताना पुढे चालू ठेवायचं की नाही हे दोन्ही समित्यांनी स्वतंत्रपणे ठरवावं. एकीने नको म्हटलं तर कारण न मागता थांबावं. हिंगोली आणि लातूर जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांनी येत्या जुलैत प्रत्येकी पाच शाळांपासून सुरुवात करावी, मोठ्या समारंभाशिवाय. या दहा शाळांच्या भिंतींची पहिली मोजणी बांधकाम विभागाच्या अभियंत्याने हजर राहून करावी. गोरख्याला जाणाऱ्या पहिल्या पत्रासोबत हेच आकडे जावेत, आणि आपल्या कुठल्या खोलीत मुलांना बसवणं सुरक्षित नाही हेही त्यात लिहावं.